पेढे वाटून झाल्यानंतर

चंडीगडला गाडी शिकवणं म्हणजे आरामाचं काम, असं आमच्या सांगलीकडच्या लोकांना वाटतं. रस्ते रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना झाडं. पत्ता विचारला तर सेक्टरचा नंबर सांगितला की झालं. माझी धाकटी जाऊ राहायला आली होती, ती म्हणाली, इथे तर गाडी आपली आपणच जात असेल. मी तिला शेजारी बसवून ऑफिसं सुटायच्या वेळी एका चौकातून नेलं. घरी येईपर्यंत ती बोलली नाही.

इथला चौक म्हणजे मधे गोल बगीचा आणि त्याच्याभोवती फिरणारी वाहनं. जो आत फिरतोय त्याचा हक्क पहिला. आपण उजवीकडे बघायचं, फट दिसली की शिरायचं आणि शिरल्यावर मधेच थांबायचं नाही. एवढंच. हे एवढंच शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली.

यजमानांची केंद्र सरकारची नोकरी. थोड्या वर्षांसाठी म्हणून बदलीवर आलो आणि मोहालीत फ्लॅट घेऊन बसलो. मी फक्त बायकांना शिकवायचे. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असायचा, त्यामुळे शिकणारी चुकली तरी गाडी माझ्या ताब्यात राहायची. शिकणारीला वाटतं की बाई रस्त्याकडे बघताहेत. मी बघायचे तिच्या हातांकडे. भीती आधी बोटांत येते, मग पायांत, आणि सगळ्यात शेवटी गाडीत. बोटं पांढरी पडायला लागली की मी सांगायचे, समोर काय दिसतंय ते मोठ्याने बोल. उजवीकडे बस, पुढे सायकलवाला, डावीकडे कुत्रं. घाबरलेला माणूस श्वास रोखून धरतो, आणि बोलायचं तर श्वास घ्यावाच लागतो.

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई म्हणाल्या, शोभाताई, तुमच्या विद्यार्थिनींबद्दल लिहा. चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतल्या एक मेजरीणबाई आठवल्या, ज्या गाडी मागे घेताना प्रत्येक झाडाला 'सॉरी' म्हणायच्या. रामरक्षा सुरू केल्याशिवाय पहिला गिअर न टाकणारी एक कॉलेजची मुलगी आठवली. पण लिहायला बसले आणि सारख्या दोघीच पुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणून त्यांचंच सांगते.

एक होत्या बीजी; पंजाबीत आईला म्हणतात तसं सगळेच त्यांना म्हणायचे. सत्तरी ओलांडलेल्या सरदारणी, अंगाने दणकट, आवाज त्याहून दणकट. नवरा गेल्यावर घरात गाडी नुसती उभी होती, आणि मुलगा कॅनडाहून सांगायचा की विकून टाक. बीजींनी विकली नाही, शिकायला आल्या. त्यांना गुरुद्वाऱ्यात स्वतः गाडी चालवत जायचं होतं, आणि जावेच्या दारावरून जायचं होतं. त्यांना भीती म्हणून नव्हती. माझ्या बाजूचा ब्रेक मी जेवढा बीजींच्या वेळी दाबला तेवढा आयुष्यात कधी दाबला नसेल. समोर बस आली तरी त्या निवांत. मी ओरडले की म्हणायच्या, "ओ आप रुक जाएगा, मैडम जी." म्हणजे तो आपला आपण थांबेल.

दुसरी सुजाता गायकवाड. लातूरची, चाळिशी ओलांडलेली. नवरा विलास सरकारी विमा कंपनीत, तिकडून बदलीवर आलेला. त्यांची ओळख मंडळाच्या गणपतीत झाली. आरती झाल्यावर विलासराव मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, हिला गाडी येते, लायसन्स आहे, लातूरला चालवायची. पण इथे आल्यावर मधे आजारपण झालं. स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, किमो, रेडिएशन, सगळं झालं, आता अगदी व्यवस्थित आहे, आम्ही पेढेसुद्धा वाटले. फक्त स्टिअरिंगवर बसली की हिचे हात कापतात.

मी विचारलं, डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली आहे का. दिली आहे म्हणाले. मग त्यांनी माझ्या गाडीचा एसी साफ केलेला असतो का, खिडक्या उघड्या ठेवता का, पाण्याची बाटली कुठली, हे सगळं विचारून घेतलं. पहिल्या दिवशी तर ते स्वतःच्या गाडीने आमच्या मागोमाग आले. मी गाडी बाजूला घेऊन त्यांना घरी पाठवलं.

परत शिकायला येणारी बाई नवशिकीपेक्षा अवघड असते. नवशिकीला काय काय होऊ शकतं याची कल्पना नसते. परत येणारीला असते.

पहिल्याच दिवशी मी नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवर सॅनिटायझर मारून फडक्याने पुसलं. सुजाता आत बसली, दार लावलं आणि लगेच उघडून रस्त्याच्या कडेला उलटी केली. मला वाटलं, उपाशीपोटी आली असेल. ती तोंड धुऊन आली आणि माफी मागत म्हणाली की त्या वासाने होतं. किमोच्या खोलीत तोच वास असायचा. दुसऱ्या दिवसापासून मी साबणाच्या पाण्याने पुसायला लागले.

बीजी आणि सुजाता लागून लागून राहत होत्या, म्हणून मी दोघींना एकाच वेळी घ्यायचे. एक चालवायची, दुसरी मागे बसायची. सुजाताच्या डोक्याला कायम स्कार्फ असायचा. बीजींनी तिला पहिल्याच भेटीत विचारलं की स्कार्फखाली वेणी दिसत नाही, केस का कापलेस. मी आरशातून बीजींवर डोळे वटारले, पण त्यांना काही कळलं नाही. सुजाताने सरळ सांगून टाकलं. बीजी म्हणाल्या, बरं झालं कापलेस, या उन्हाळ्यात माझंही डोकं तापतं. मग त्यांनी विचारलं, सीटबेल्ट त्या ऑपरेशनच्या जागी घासत नाही का. घासत होता. उजव्या खांद्यावरून पट्टा यायचा तो नेमका तिथेच. मला हे सुचायला हवं होतं. पुढच्या वेळी बीजी फ्लॅनेलचं मऊ कव्हर शिवून घेऊन आल्या आणि पट्ट्यावर चढवलं. त्यावर बदकं होती. नातवाच्या दुपट्याचं उरलेलं कापड होतं ते.

सुजाता त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पुढे पुढे ती चांगली चालवायला लागली. हात सैल झाले. सुखना तलावाकडे जाऊन यायची, मार्केटच्या गर्दीत गाडी लावायची. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. एक ठरावीक रस्ता ती कधीच घ्यायची नाही. मी उजवीकडे म्हटलं की म्हणायची, इकडून जाऊ या ना ताई, सावली आहे. चंडीगडात सावली सगळीकडेच आहे. तो रस्ता हॉस्पिटलकडे जातो हे मला माहीत होतं. मी विचारलं नाही. माझं काम गाडी शिकवायचं, असं मनाशी म्हटलं.

मग एक दिवस कुठल्याशा मोर्चासाठी पोलिसांनी रस्ता अडवला आणि सगळी वाहनं त्याच रस्त्यावर वळवली. सुजाता चालवत होती. मागे वळायला जागा नव्हती. चौक आला, ती बरोबर उजवीकडे बघून आत शिरली, आणि अर्ध्यात गेल्यावर तिने ब्रेक दाबला. गाडी बंद पडली. तिची बोटं स्टिअरिंगवर अशी घट्ट बसली होती की मला ती एकेक करून सोडवावी लागली असती. ओठ निळसर झालेले. ती फक्त म्हणत होती, मला श्वास येत नाही, ताई.

मागे हॉर्नांचा कल्लोळ. एक मोठी काळी गाडी अगदी मागे येऊन थांबली आणि त्यातला तरुण खाली उतरायला लागला. त्याच्याआधी बीजी उतरल्या. दुपट्टा खांद्यावर टाकून त्या चौकात उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून, आणि त्या तरुणाला त्यांनी त्याच्या आईची तब्येत कशी आहे असं विचारलं. तो गोंधळून परत गाडीत बसला. मग त्या एका हाताने वाहनं थोपवत आणि दुसऱ्या हाताने सोडत राहिल्या. मी सुजाताला सांगितलं, डोळे उघड आणि काय दिसतं ते बोल. पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले. मग म्हणाली, "बीजी." मी म्हटलं, आणखी? "बीजींची चप्पल तुटलीय." श्वास आत गेला. हळूहळू बोटं सुटली. आम्ही जागा बदलल्या, बीजींना आत घेतलं आणि मी गाडी कडेच्या छोट्या रस्त्यावर अमलतासाच्या, म्हणजे आपल्या बहाव्याच्या, झाडांखाली नेऊन उभी केली.

तिथे ती बोलली. ती सांगत होती तसंच लिहिते.

"उपचार चालू होते ना ताई, तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते. रोज काहीतरी करायचं असायचं. सुई, गोळी, मशीन. कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मग एक दिवस डॉक्टर हसून म्हणाले, झालं, आता तीन महिन्यांनी या. विलासनी पेढे वाटले. सगळे आपापल्या कामाला लागले. आणि मी त्या दिवसापासून काखेत हात घालून गाठ शोधतेय. खोकला आला तरी तेच, पाठ दुखली तरी तेच. सगळे म्हणतात, वाचलीस, आता आनंदात राहा. मला आनंद होत नाही याचीसुद्धा लाज वाटते."

मग तिने खरी गोष्ट सांगितली. तपासणीची तारीख होऊन गेली होती. मैत्रिणीबरोबर जाऊन आले, सगळं ठीक आहे, असं तिने घरी सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या दिवशी ती सेक्टर बावीसच्या मार्केटमध्ये फिरत राहिली आणि एक हिरवी ओढणी घेऊन घरी गेली.

मागून बीजींनी विचारलं, ही काय म्हणतेय. सुजाताने सगळं पुन्हा हिंदीत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिचा आवाज कमी कापत होता.

बीजींनी दुपट्टा सारखा केला. मग त्या खाली बघत म्हणाल्या, "पुत्तर, मैनूं वी नहीं दिसदा."

मलाही दिसत नाही म्हणजे काय, आम्हा दोघींना कळेना. त्या म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी केव्हाच ऑपरेशन सांगितलंय. डोळ्यात सुरी घालणार म्हणून भीती वाटते, म्हणून परत गेलेच नाही. मी विचारलं, मग शिकाऊ लायसन्सच्या वेळी डोळे तपासले तेव्हा? बीजी म्हणाल्या, पुढचा माणूस अक्षरं वाचत होता, ती पाठ केली.

इतके दिवस मी एका न दिसणाऱ्या बाईच्या शेजारी बसून भर गर्दीतून फिरत होते. ती बस, तो ट्रक, चौकीजवळचे ते बॅरिकेड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. सुजाताने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. बीजी तिला मागून थोपटत राहिल्या.

त्या झाडाखालीच ठरलं. सुजाता तपासणीला गेली तर बीजी डोळे दाखवणार. बीजी म्हणाल्या, आधी तू. सुजाता म्हणाली, आधी तुम्ही. शेवटी मी म्हटलं, बीजी आजपासून गाडी चालवणार नाहीत आणि सुजाता आज घरी खरं सांगेल.

तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर तिने मला त्याची हकीकत ऐकवली. विलासराव सगळं ऐकून तसेच भाजी आणायला गेले आणि फ्लॉवरचे तीन गड्डे घेऊन आले. ते ओट्यावर ठेवून म्हणाले, "मला माहीत होतं. तू गेली नव्हतीस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला तपासणीला जावं लागलं असतं."

ते ऐकून मला त्यांच्या एसी आणि पाण्याच्या बाटलीच्या चौकशांचा राग यायचा तो पार गेला.

सुजाताने स्वतः हॉस्पिटलला फोन केला. तिथे रुग्णांशी बोलायला नेमलेल्या एक बाई होत्या, सिमल्याकडच्या, वयाने लहान पण शांत. त्यांनी तिला सांगितलं की उपचार संपल्यावर अशी भीती बऱ्याच जणांना गाठते, तिच्यात काही कृतघ्नपणा नाही आणि वेडही नाही, आणि यावरही उपचार आहेत. दिवसातून दहादा गाठ चाचपण्याऐवजी कधी आणि कशी तपासायची ते शिकवलं, सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. थोडे दिवस झोपेची गोळी लागेल असं वाटलं, ती डॉक्टरांनी लिहून दिली. आणि त्या रस्त्याचं सांगितल्यावर म्हणाल्या, एकदम दारापर्यंत येऊ नका, थोडं थोडं या.

थोडं थोडं हे मला येतं. आधी आम्ही त्या चौकापर्यंत गेलो, पूर्ण फेरी मारली आणि परत आलो. मग चौकाच्या पुढच्या वळणापर्यंत. मग फाटकापर्यंत. मग आत, पार्किंगमध्ये. तिथे गाडी उभी करून आम्ही बीजींनी आणलेले मेथीचे पराठे खाल्ले आणि खाली न उतरता घरी आलो. पहारेकरी आमच्याकडे संशयाने बघत होता. सुजाताचे हात कापायचे, पण गाडी सरळ जायची. मी तिला सांगितलं, परीक्षेत हात कापल्याचे गुण कापत नाहीत.

तपासणीच्या दिवशी विलासरावांनी रजा घेतली. त्यांना गाडी चालवायची होती. सुजाता म्हणाली, मी चालवणार. मी तिच्या शेजारी, विलासराव आणि बीजी मागे. चौक जवळ आला तशी ती बोलायला लागली. उजवीकडे रिक्षा. मागे दूधवाला. मागून विलासराव म्हणाले, "ट्रक आहे." ती म्हणाली, दिसला. ते म्हणाले, शाळेची बस. ती म्हणाली, दिसली. बीजी म्हणाल्या, मला तर रस्ता रिकामाच दिसतो. सुजाता हसत हसत चौकात शिरली आणि बाहेर पडली.

आत मात्र तिला उलटी झाली. स्कॅनच्या दारात ती दोनदा मागे फिरली. विलासराव तिच्यासमोर उभे राहिले, पण नेहमीसारखं काही होणार नाही असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मलाही भीती वाटतेय." मग ती आत गेली.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते त्यांनाच ठाऊक. रिपोर्ट चांगला आला. विलासरावांनी पेढ्यांचं नाव काढलं, तर सुजाताने हात जोडले. पेढ्यांनंतरच सगळं बिघडतं म्हणाली. तिने आम्हाला रस्त्याकडेला उभं करून छोले-कुलचे खायला घातले.

भीती गेली असं मी लिहिणार नाही. दर तपासणीच्या आधी ती परत यायची. पण घरात आता लपवालपवी नव्हती. सुजाता जाहीर करायची, माझा भीतीचा आठवडा सुरू झाला. त्यांची मुलगी रेवा, जिला मराठी सगळं समजतं पण जी इथल्या शाळेत गेल्यापासून उत्तर हिंदीत देते, ती फोनवर मला सांगायची, "आंटी, मम्मी का वीक चालू है," आणि त्या आठवड्यात भांडी घासायची. विलासराव स्वयंपाक करायचे. त्यांच्या हातचं जेवून भीती तरी कमी होते, असं सुजाताचं म्हणणं.

बीजींचंही सांगायला हवं. त्यांनी शब्द पाळला. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, दिसायला लागलं. मी मोठ्या हौसेने त्यांना परत गाडीत बसवलं. त्या पहिल्या चौकापर्यंत आल्या, उजवीकडे पाहिलं आणि गाडी थांबवली. बराच वेळ त्या वाहनांकडे बघत बसल्या. मग मला विचारलं, इथे रोज एवढ्या गाड्या असतात? मी म्हटलं, असतात. त्या खाली उतरल्या, मागे जाऊन बसल्या आणि पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. माझ्या हाताखालून गेलेल्यांत अर्धवट राहिलेली ही एकच विद्यार्थिनी, आणि मला त्याची अजून चुटपुट आहे. गुरुद्वाऱ्यात त्यांना सुजाता घेऊन जायची. जावेच्या दारावरूनच.

माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा मी गाडी विकली. शिकवणं बंद केल्यावर काही दिवस रिक्षात बसले तरी माझा पाय ब्रेक शोधायचा. त्याच सुमारास विलासरावांची बदली नाशिकला झाली. सगळ्यांना वाटलं, सामान ट्रकने जाईल तशी गाडीही जाईल. सुजाता म्हणाली, गाडी मी नेणार. दोघं आलटून पालटून चालवू, मुक्काम करत करत जाऊ.

निघायच्या दिवशी सकाळी मी आणि बीजी त्यांना निरोप द्यायला गेलो. सुजाता स्टिअरिंगवर, रेवा मागे उशा आणि खाऊच्या पिशव्यांमध्ये. विलासराव शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला, तो लागलाय की नाही हे दोनदा ओढून पाहिलं आणि काच खाली करून मला म्हणाले, "ताई, तुमच्या गाडीत होता तसा ब्रेक या बाजूला बसवून मिळतो का?"

मी म्हटलं, मिळतो, पण तुमच्या बायकोच्या गाडीला तो लागत नाही. सुजाताने गाडी गिअरमध्ये टाकली. बीजींनी बोनेटवर शकुनाचं पाणी शिंपडलं, आणि ते गेले.

इथून दिल्लीकडे जाणारा माणूस मुरथलच्या ढाब्यावर पराठे खाल्ल्याशिवाय पुढे जात नाही. मी रेवाला बजावलं होतं की तिथे पोचलात की फोन कर. दुपार झाली तरी फोन नाही. बीजी माझ्याकडेच थांबल्या होत्या, त्या दर थोड्या वेळाने विचारत होत्या. मग रेवाचा मेसेज आला.

"आंटी, मुरथल पीछे रह गया. पापा अंबाला से पहले ही सो गए थे, अभी तक सो रहे हैं. मम्मी ने गाड़ी रोकी ही नहीं. बोली, रुकेंगे तो उठ जाएँगे."